आधी मोजणी, मग दुरुस्ती
(सिल्लोड तालुक्यातील कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



अजिंठा, शिवना, भराडी, अंभई अशा गावांतून शेतकरी सिल्लोडला येतो तो दिवसाचे काम बुडवून. दाखल्यासाठी तो खिडकीशी उभा असतो आणि आतील संगणकावर पान काही उघडत नाही. “लाइन मंद आहे,” एवढेच उत्तर त्यास मिळते. हे उत्तर पुष्कळदा खरे असते; परंतु दर वेळी नव्हे. दोष कार्यालयातील सर्व्हरमध्येच असेल, तर अधिक वेगाची लाइन घेऊन जनतेचा पैसा खर्ची पडेल आणि रांग मात्र तेवढीच राहील.

आज एकाच सर्व्हरवर अनेक संगणकांचे काम चालविता येते. यास आभासीकरण म्हणतात. व्हीएमवेअर, हायपर-व्ही ही त्यासाठीची सॉफ्टवेअर होत. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे नांदावीत, पण दरवाजा सामाईक असावा, तसा हा प्रकार आहे. नेटवर्क कार्ड हा तो दरवाजा. त्याच्याशी सॉफ्टवेअर एक आभासी स्विच बसविते. हायपर-व्हीमध्ये कार्ड सामाईक ठेवल्यास मूळ सर्व्हरची ये-जाही या स्विचमधूनच होते. सबब, एकही आभासी संगणक चालू नसताना वेग घटू शकतो.

निदान पायरीपायरीने करावे. प्रथम कार्ड किती वेगाने जोडले गेले आहे ते पाहावे. १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसल्यास तार, जोडणी किंवा स्विच तपासावा. नंतर सर्व्हर व कार्यालयातील दुसरा संगणक यांमधील वेग आयपर्फ या मोफत साधनाने मोजावा. निर्दोष १ गिगाबिट जोडणीवर सुमारे ९४० मेगाबिट मिळतात. तेवढे मिळूनही बाहेरची पानेच मंद असतील, तर लाइनीची तक्रार रास्त ठरते. कमी मिळाल्यास, कामकाजाची वेळ संपल्यावर कार्ड आभासी स्विचपासून मोकळे करून पुन्हा मोजावे. आता वेग वाढला, तर दोष आभासीकरणाच्या मांडणीत आहे.

विंडोज सर्व्हर २०१२ वरील हायपर-व्हीत ब्रॉडकॉमच्या काही १ गिगाबिट कार्डांबाबत असेच आढळले होते. ‘व्हीएमक्यू’ ही सोय चालू असता आभासी संगणकांचे नेटवर्क मंदावे; ती बंद केल्याने किंवा कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत केल्याने अडचण दूर होई. नवी लाइन तेथे निरुपयोगीच ठरली असती.

एका वेळी एकच बदल करावा, प्रत्येक मोजणी नोंदवहीत लिहावी. नाडी पाहिल्यावाचून वैद्य मात्रा देत नाही. मोजणीवाचून खरेदीचा प्रस्तावही पुढे जाऊ नये. खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसाचे हित त्यातच आहे.