लोखंडाच्या गावातलं सॉफ्टवेअर



भिलाईत मराठी कुटुंबं आली ती पोलादामागून. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारताचा सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. नागपूरकडून अभियंते आले, फोरमन आले, शिक्षक आले. सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये संसार मांडले गेले, मुलं शिकली. त्यांच्यातली कितीतरी आज पुण्यात, हैदराबादेत आणि बंगळुरूत संगणकासमोर बसलेली आहेत. बाहेर जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण त्यांच्या कामासाठी भिलाईत मोठी कंपनी का उभी राहिली नाही, हा प्रश्न या व्यासपीठावरून विचारायलाच हवा.

उत्तर शोधायला पुण्याकडे पाहावं. १९९० साली तिथं दोन कंपन्या निघाल्या. आर्थिक उदारीकरण अजून वर्षभर लांब होतं. आनंद देशपांडे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट करून, काही काळ ह्यूलेट पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून परतले होते. त्यांनी पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. देशपांड्यांचं बालपण भोपाळच्या भेल वसाहतीतलं, म्हणजे आपल्यासारखंच सरकारी कारखान्याच्या सावलीतलं. डेटाबेस हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता आणि कंपनीनं सुरुवातीला तोच धरून ठेवला. २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पुढे वर्षाची उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. नागपूरच्या आयटी पार्कमधली तिची ‘गार्गी-मैत्रेयी’ ही वास्तू भिलाईपासून रेल्वेनं काही तासांच्याच अंतरावर आहे.

भिलाईला अधिक शिकवते ती दुसरी कंपनी, केपीआयटी. तिचा जन्म हिशेबनिसांच्या घरातला. कीर्तने अँड पंडित या सनदी लेखापालांच्या पेढीतून रवी पंडित, किशोर पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली. आरंभी अनेक कंपन्यांसारखी तीही मिळेल ते काम घेत होती. १९९९ मध्ये ती शेअर बाजारात उतरली. मग २००२ मध्ये कमिन्स इन्फोटेक तिच्यात विलीन झाली आणि कंपनीच्या नावातच इंजिन बनवणाऱ्या कमिन्सचं नाव आलं.

इथं पुण्याची भूमी कामाला आली. पिंपरी-चिंचवडला टाटांची वाहनं, आकुर्डीला बजाज, कोथरूडला कमिन्सची इंजिनं, मुंढव्याला भारत फोर्ज. वाहन कसं चालतं हे ठाऊक असलेली माणसं गल्लोगल्ली होती. कंपनीनं ते ज्ञान आणि संगणकाचं ज्ञान एकत्र आणलं. सगळे प्रयोग फळले असं नाही. जुन्या मोटारीला बसवायचा ‘रेव्होलो’ हा हायब्रिड संच २०१० मध्ये भारत फोर्जच्या साथीनं मोठ्या अपेक्षेनं जाहीर झाला, पण बाजारात तो रुळला नाही. तरी कंपनीनं वाहनाचा हात सोडला नाही. २०१९ मध्ये तर तिनं धाडसाचा निर्णय घेतला : सर्वसाधारण आयटी सेवांचा मोठा व्यवसाय बिर्लासॉफ्टकडे गेला आणि केपीआयटी केवळ वाहनांच्या सॉफ्टवेअरपुरती उरली. आकार कमी झाला, ओळख पक्की झाली. २०२२ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर तिनं हायड्रोजनवर चालणारी बस पुण्यात आणली. त्यानंतरच्या वर्षांत तिची उलाढाल पाच हजार कोटी रुपयांपुढे गेली.

भिलाईकडे वाहन नाही, रूळ आहे. इथल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटरचा अखंड रूळ निघतो आणि असे दोन जोडून २६० मीटरची पट्टी रेल्वेला जाते. त्या रुळामागचं काम पाहा. वितळलेल्या पोलादात हायड्रोजन जास्त राहिला तर रुळाच्या पोटात बारीक भेगा पडतात, म्हणून निर्वातात तो काढून टाकावा लागतो. मग ओतकाम, पुन्हा तापवणं, लाटणं, थंड करणं, सरळ करणं आणि शेवटी अल्ट्रासोनिक तपासणी. प्रत्येक टप्प्यावर तापमान, रासायनिक घटक, मापं यांच्या नोंदी होतात. तपासणीत सापडलेला दोष नेमक्या कुठल्या टप्प्यावर शिरला, हे त्या नोंदींतून शोधणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे, आणि ज्यानं मिलमध्ये पाळ्या केल्या त्याच्यासोबत बसल्याशिवाय ते कुणालाही नीट लिहिता येणार नाही. हे ज्ञान बंगळुरूत विकत मिळत नाही.

साधनांची वानवा आता राहिलेली नाही. दुर्गचं बीआयटी १९८६ पासून अभियंते घडवतं आहे. आयआयटी भिलाई २०१६ मध्ये सुरू झाली आणि कुटेलाभाट्याच्या आवारात स्थिरावली. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कचं केंद्रही गावात आहे. अडतं ते पहिल्या गिऱ्हाइकापाशी. मोठा कारखाना निविदा काढताना मागच्या कामाचा आणि उलाढालीचा दाखला मागतो. नव्या कंपनीकडे तो असणार कुठून? कारखान्यानं लहान, प्रायोगिक कामं स्थानिक मुलांसाठी वेगळी काढली, तरच ही कोंडी फुटेल.

या संमेलनाकडून म्हणून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. प्रायोगिक कामांची मागणी करणारा ठराव इथं मंजूर करून कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे पाठवावा. आणि निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी, झोतभट्टी आणि रेल मिल ज्यांना तळहातासारखी ठाऊक आहे त्यांनी, आज बाहेर पडण्यापूर्वी स्वागतकक्षात आपलं नाव आणि विभाग लिहून द्यावा. त्यांना भेटायला विद्यार्थी घरी येतील.