उरकायचा नाही असा प्रवास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला प्रवासाविषयी बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, आमचा प्रवास अजून व्हायचाच आहे!" त्या म्हणाल्या, "झालेल्या प्रवासाबद्दल सगळेच बोलतात. तुम्ही आखणीबद्दल बोला." म्हणून आज उभी राहिले आहे.

आम्ही सहाजणी भिशीचे पैसे साठवून येत्या सप्टेंबरात मॉरिशसला निघालो आहोत. तेथे मोटारीने हिंडायचे आहे. पण आखणीचे मूळ एका जुन्या सहलीत आहे, ते आधी सांगते.

चार वर्षांपूर्वी आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर कोकणात गेलो होतो. पाच दिवसांत अकरा ठिकाणे! माझ्या थोरल्या जाऊबाई बरोबर होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. गाडी थांबली की "वीस मिनिटांत परत या" अशी आरोळी व्हायची, आणि जाऊबाई म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या, मी बसते." समुद्रावरही तेच झाले. जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तो त्यांनी गाडीच्या काचेतून. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. माझ्या मनाला मात्र ते लागून राहिले.

आपण बायका सगळे उरकतो. स्वयंपाक उरकतो, सणवार उरकतो, जेवणसुद्धा उरकतो. निदान प्रवास तरी उरकायचा नाही, असे मी ठरवले.

आता मॉरिशस केवढे? बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. नगरहून शिर्डीला जायला याहून जास्त अंतर पडते! तो सारा देश २,०४० चौरस किलोमीटरांचा आणि आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. असे आठ देश आपल्या जिल्ह्यात मावतील. हे ऐकताच आमच्यातली एक म्हणाली, "मग दोन दिवसांत सगळे होईल, पुढे आणखी एक देश जोडू." मी म्हटले, "बाई गं, देश लहान आहे म्हणूनच तर सावकाश पाहता येईल."

पहिल्या यादीत बावीस ठिकाणे होती. मग पेन्सिल घेऊन एकेक खोडत गेलो. भांडणेही झाली. शेवटी आठ रात्री आणि तीन मुक्काम ठरले. विमानतळ आग्नेयेला आहे, म्हणून पहिला मुक्काम जवळच्या माहेबूर गावी. तेथे सोमवारचा बाजार भरतो. नगरच्या बाईला बाजार चुकवून कसे चालेल?

मग दक्षिण किनाऱ्याचा रस्ता. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी पोवळ्यांचा बांध आहे, त्यामुळे किनाऱ्याचे पाणी संथ असते. पण ग्री-ग्री येथे तो बांध तुटलेला आहे, आणि लाटा थेट कड्यावर आदळतात. तेथे पोहायचे नाही, पण गाडी अगदी जवळ जाते आणि वर हिरवळ आहे. जाऊबाईंसाठी ती जागा मी लाल पेन्सिलीने रंगवली आहे. त्या दिवशी दुसरे काहीही लिहिलेले नाही.

पुढे समुद्राला बिलगून जाणारा रस्ता ल मॉर्नच्या डोंगराकडे नेतो. पळून आलेले गुलाम त्या डोंगरात आसरा घेत. दुसरा मुक्काम तिकडेच. तेथून शामारेलची रंगीत माती आणि गंगा तलाव पाहायचा. बेटावरचे सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मे. ते मात्र खालूनच पाहणार.

वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. आमच्यातल्या दोघी गाडी चालवतात. त्या आंतरराष्ट्रीय परवाना आर.टी.ओ.तून काढणार आहेत. सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चार वाजता गाडी बंद. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस, तेव्हा सप्टेंबर बरा. गौरी-गणपती आटोपले की निघायचे.

येथे घरच्या मंडळींनी हरकत घेतली, "पितृपक्षात परदेशी जाता?" मी क्षणभर गप्प झाले. मग तिसरा मुक्काम आठवला, तो राजधानी पोर्ट लुईचा. तेथे आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर मॉरिशसला उतरले. त्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांमुळे आजही तेथे मराठी शिकवली जाते आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते. तेथल्या उसाच्या मळ्यांत काळ्या दगडांचे ढीग दिसतात. ते दगड वेचून जमीन मोकळी करण्यात या मजुरांचे हात झिजले.

आपल्या जिल्ह्याला ऊस नवा नाही. पाथर्डी-शेवगावकडची माणसे कोयता घेऊन घर सोडतात, ते आपण दरवर्षी पाहतो. ज्यांना स्वतःच्या चालीने चालता आले नाही, त्यांच्या मळ्यांमधून आम्ही सावकाश जाणार, हे भाग्यच म्हणायचे. म्हणून मी घरी सांगितले, "पितृपक्षातच जाऊ. घाटाच्या पायऱ्यांपाशी त्या अनामिकांचे स्मरण करू." त्यावर कोणी काही बोलले नाही.

भगिनींनो, तुम्ही कोठेही जा, मॉरिशसला किंवा भंडारदऱ्याला. आखणी करताना आपल्यात सर्वांत हळू चालणारी कोण, हे आधी पाहा आणि तिच्या चालीने दिवस बांधा. चार ठिकाणे कमी होतील, पण गाडीत कोणी एकटी बसून राहणार नाही.

जाऊबाईंनी परवा विचारले, "समुद्राच्या पाण्यात पाय बुडवता येतील का गं?"

मी म्हटले, "दिवसभर बसा."