नाकांतील बुरशी : आधीं निदान, मग औषध



दिव्यासारख्या खाडीकांठच्या गांवीं पावसाळ्यांत भिंतींना ओल येते आणि शिळा पाव दोन-तीन दिवसांत बुरशीनें भरतो. या बुरशीचे सूक्ष्म बीजकण आपण सर्वजण श्वासाबरोबर नित्य घेत असतों आणि निरोगी शरीर त्यांचा निमूटपणें नाश करतें. म्हणून भिंतीवरील डाग पाहून भिण्याचें कारण नाहीं. परंतु गालांच्या व कपाळाच्या हाडांत ज्या पोकळ्या आहेत, ज्यांना डॉक्टर सायनस म्हणतात, त्यांत बुरशीनें ठाणें दिलें तर काय करावें, याचा आज विचार करूं.

या विकाराचे प्रकार मुख्यतः तीन. पहिल्यांत एखाद्या पोकळींत बुरशीचा गोळा सांचतो. तो शस्त्रक्रियेनें काढला कीं बहुधा काम भागतें. दुसऱ्यांत बुरशीची ॲलर्जी असते. नाकांत कोंब वाढतात, घट्ट स्राव सांठतो. तेथें शस्त्रक्रियेच्या जोडीला स्टेरॉइड औषधें गुणकारी ठरतात. तिसरा प्रकार मात्र घातक. त्यांत बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. रक्तावांचून मांस व हाड मरून काळें पडतें. लोक हिला काळी बुरशी म्हणतात, पण काळी ती बुरशी नव्हे, मेलेला भाग होय. येथें स्टेरॉइड म्हणजे आगींत तेल. एकास जें अमृत, तेंच दुसऱ्यास विष. म्हणूनच निदानावांचून औषध नको.

२०२१ सालीं, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, महाराष्ट्रांत या तिसऱ्या प्रकाराचे हजारों रोगी आढळले. कल्याण-डोंबिवलींतही मे महिन्यांत मृत्यू घडले. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह आणि त्यावर दिलेलीं स्टेरॉइडें, हीच त्याची मुख्य वाट होती.

आतां लक्षणें ऐका. एका बाजूचा गाल दुखणें, सुजणें वा बधिर होणें. नाकांतून काळसर किंवा रक्तमिश्रित स्राव. वरचे दांत हलणें. टाळूवर काळा डाग. पापणी खालीं येणें, एकाचे दोन दिसणें. मधुमेही माणसास यांतील एकही दिसलें तर सर्दी म्हणून वाफारे घेत बसूं नये. त्याच दिवशीं नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना गांठावें. दिवेकरांना कळव्याचें महापालिकेचें छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय दूर नाहीं.

डॉक्टर दुर्बिणीनें नाक तपासतात, संशयित भागाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात आणि रोग डोळ्यांकडे वा मेंदूकडे किती सरकला हें सीटी किंवा एमआरआयनें ठरवितात. संशय बळकट असेल तर सर्व अहवाल येईपर्यंत ते उपचार अडवून ठेवीत नाहींत. रक्तांतील साखर ताब्यांत आणणें, मेलेला भाग कापून काढणें आणि ॲम्फोटेरिसिन-बी शिरेवाटे देणें, हीं तिन्हीं कामें एकदमच चालतात. तें औषध मूत्रपिंडास जड जातें, म्हणून रक्ततपासणी वारंवार होते. पुढें पोसाकोनॅझोलच्या गोळ्या बरेच आठवडे घ्याव्या लागतात. बरें वाटूं लागलें म्हणून त्या सोडूं नयेत.

शेवटीं एवढेंच सांगतों. घरांतील मधुमेह्याची साखर नियमानें मोजा. शेजाऱ्याची किंवा गेल्या वर्षींची चिठ्ठी दाखवून स्टेरॉइड आणूं नका आणि डॉक्टरांनीं चालूं केलेलें त्यांना न विचारतां एकाएकीं थांबवूंही नका. या रोगांत गेलेला दिवस परत मिळत नाहीं; कित्येकदां त्याचें मोल एका डोळ्याइतकें असतें.