शाळेच्या नव्या संगणकातील रॅम
(शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



शाळेसाठी नवा संगणक जुळवून घ्यावयाचा ठरला म्हणजे दरपत्रके मागविली जातात, आणि मागणीपत्रात रॅमच्या रकान्यात बहुधा एवढेच लिहिलेले असते : “१६ जीबी”. ही नोंद चुकीची नाही. पण ती अपुरी आहे. पुरवठादार तिच्या आधारे १६ जीबीची एकच पट्टी बसवू शकतो किंवा ८ जीबीच्या दोन बसवू शकतो. दोन्ही प्रकारे मागणी पुरी होते. मात्र मुलांच्या वाट्यास येणारे संगणक सारखे नसतात. लोकवर्गणीतून वा अनुदानातून एकदा झालेली खरेदी शाळेला कित्येक वर्षे वापरावी लागते. सबब त्या एका रकान्याचा विचार आधीच झालेला बरा.

रॅम म्हणजे संगणकाची चालू कामाची जागा होय. कायमचा साठा कपाटात असतो. परंतु वाचावयाचे पुस्तक टेबलावर उघडावे लागते. रॅम हे ते टेबल. टेबल लहान पडले की पुस्तके वारंवार आत-बाहेर करावी लागतात, व संगणक अडखळू लागतो. म्हणून प्रथम विचार आकारमानाचा करावा. विंडोज ११ या प्रणालीसाठी किमान ४ जीबीची अट आहे. पण तेवढ्यात संगणक सुरू झाल्याचेच काय ते समाधान लाभते. मराठी टंकलेखन व हजेरीचे तक्ते यांस ८ जीबी पुरते. स्क्रॅच, एखादी शैक्षणिक चित्रफीत आणि माहिती भरण्याचे संकेतस्थळ ही सारी एकाच वेळी उघडी राहावयाची असतील, तर १६ जीबी असावी. प्राथमिक शाळेस याहून अधिक सहसा लागत नाही.

आता ही १६ जीबी एका पट्टीत घ्यावी की दोन पट्ट्यांत? पूर्वी बागायती गावातील मोठ्या विहिरीवर दोन मोटा चालत. विहीर तीच, पाणीही तेच. पण दोन मोटा जुंपल्या की पाटाला दुप्पट पाणी येई. सर्वसाधारण डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे असे दोन मार्ग असतात. पट्टी एकच असेल तर दुसरा मार्ग रिकामा राहतो. डीडीआर४ जातीच्या, ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती येऊ शकते. दोन पट्ट्यांतून ५१.२ जीबी. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, आणि पत्रे लिहिताना किंवा बेरजा करताना हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु शाळेच्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड क्वचितच असते. पडद्यावरील चित्र रेखाटण्याचे कामही याच रॅममधून चालते, आणि त्यासाठी तिचा काही भाग राखूनही ठेवला जातो. चलच्चित्रे व चित्रमय खेळ यांत दोन पट्ट्यांचा लाभ दिसतो तो यामुळेच.

यास एक अपवाद आहे. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रचंड संगणककेंद्रे उभी राहू लागल्याने चिपांची मागणी वाढली, हे त्याचे मोठे कारण. अशा वेळी पैसा ८ जीबीपुरताच असेल, आणि मदरबोर्डवर दोनच स्लॉट असतील, तर ४ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊ नयेत. ८ जीबीची एक घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. पुढे तशीच दुसरी पट्टी बसविली की आकारमान आणि दुसरा मार्ग दोन्ही साधतात. अन्यथा दोन्ही जुन्या पट्ट्या काढून टाकाव्या लागतात. मात्र “पुढील वर्षी घेऊ” या शब्दांवर विसंबून १६ जीबीची एकच पट्टी घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाकडे एकवार पाहून घ्यावे.

जुन्या संगणकातील पट्टी नव्यात चालेलच असे नाही. डीडीआर४ व डीडीआर५ या दोहोंच्या डेस्कटॉप पट्ट्यांस २८८ पिना असतात. पण खाचेची जागा निराळी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. मदरबोर्ड ज्या जातीचा, त्याच जातीची पट्टी हवी. डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरल्यास वेग उतरतो, हेही ध्यानात असावे. २०२२ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांस ५२०० हा वेग अधिकृतपणे दिलेला आहे. चार पट्ट्यांस केवळ ३६००. म्हणून चार लहान पट्ट्यांपेक्षा दोन मोठ्या बऱ्या.

खोक्यावरील मोठ्या आकड्यांस भुलू नये. ३२०० वेगाची, सीएल १६ विलंबाची पट्टी आणि ६००० वेगाची, सीएल ३० विलंबाची पट्टी या दोहोंत पहिल्या प्रतिसादास लागणारा काळ सारखाच, म्हणजे १० नॅनोसेकंद, येतो. शिवाय असे चढे वेग बहुधा बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू केल्यावाचून मिळत नाहीत. शाळेत त्या खटाटोपाची गरज नाही. प्रमाणित वेगाची पट्टी बिनतक्रार चालते, ते अधिक मोलाचे.

तेव्हा मागणीपत्रात असे लिहावे : “८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या, एकाच संचातील, दोन मार्गांच्या स्लॉटांत बसविलेल्या.” चार स्लॉट असल्यास ते सामान्यतः प्रोसेसरपासून मोजून दुसरा व चौथा असतात, तरी मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी. संगणक ताब्यात घेताना बाजूचे झाकण उघडून पट्ट्या मोजाव्यात, व त्यानंतरच पावतीवर सही करावी. डीडीआर५ चा संगणक प्रथम सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या अवधीत यंत्र रॅमशी आपला मेळ जुळवीत असते. ते बिघडले असे समजून वीज बंद करू नये.