धडधड आणि लांब उच्छ्वास

दहावी-बारावीचा निकाल लागायचा असतो आणि सकाळपासून छातीत धडधडतं, तळहातांना घाम सुटतो, पोटात गोळा येतो. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. मेंदूतला बदामाएवढा अमिग्डला धोक्याची सूचना देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. समोर वाघ नसला तरी ‘नापास झालो तर?’ हा विचारही त्याला पुरतो.

अशा वेळी ‘टेन्शन घेऊ नकोस’ हा सल्ला, कितीही मायेनं दिलेला असला तरी, फारसा उपयोगी पडत नाही. भावना दाबून जात नाही. तिला नाव द्या: ‘मला निकालाची भीती वाटतेय.’ मग श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. उच्छ्वास लांबला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. पाच मिनिटं करून पाहा. आणि भीतीपोटी एखादी गोष्ट टाळत राहू नका. टाळल्यावर तेवढ्यापुरतं हायसं वाटतं खरं, पण पुढच्या खेपेला भीती वाढलेली असते.

चिंता महिनोन्‌महिने सुटत नसेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर मात्र उपचार घ्यावेत. समुपदेशन आणि औषधं, दोन्हींचा गुण येतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. क्रमांक लिहून घ्या: १४४१६.