हरकत कुणाचीच नाही, तरी साक्षीदार हवाच

मागच्या खेपेला आपण मृत्युपत्र कसं करावं यावर बोललो होतो. त्यानंतर गटाच्या बैठकांमध्ये एक प्रश्न सारखा आला. ताई, लिहिणारं माणूस गेल्यावर त्या कागदाचं करायचं काय? आज तेवढंच बघू. आणि भांडणाच्या घराचं नाही, ज्या घरात सगळे म्हणतात की आमची काही हरकत नाही, त्या घराचं बघू.

समजा, एक मावशी आहे. मूलबाळ नाही, नवरा आधीच गेलेला. त्याच्याकडून आलेली दोन एकर जमीन, गावठाणातलं घर आणि बँकेत थोडी ठेव. शेवटची काही वर्षं तिचं दुखणंखुपणं, औषधपाणी सगळं बहिणीच्या मुलीनं केलं. आता 1956 चा हिंदू वारसा कायदा काय म्हणतो? अशा बाईनं मृत्युपत्र केलं नसेल, तर नवऱ्याकडून वारशानं आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. म्हणजे पुतण्यांकडे. भाचीनं कितीही केलेलं असो, तिच्या वाट्याला काही येत नाही. मावशीला हे ठाऊक होतं, म्हणून तिनं सगळं भाचीच्या नावे लिहिलं. अंमलबजावणीची जबाबदारी गावातल्या निवृत्त गुरुजींवर टाकली. कोर्टात अशा माणसाला एक्झिक्युटर म्हणतात. साक्षीदार दोन, एक निवृत्त पोस्टमन आणि एक दुकानदार.

मावशी गेली. पुतणे भले निघाले. म्हणाले, काकूची इच्छा होती, आमचं काही म्हणणं नाही. मग भाचीला वाटलं, झालं काम. बँकेत गेली तर तिथले साहेब म्हणाले, कोर्टाचा कागद आणा. तो कागद म्हणजे प्रोबेट. हे मृत्युपत्र खरं आहे, रीतसर केलेलं आहे आणि शेवटचं आहे, असं कोर्टानं शिक्क्यानिशी सांगणं.

आधी एक स्पष्ट करते. आपल्या खेड्यातल्या जमिनीला आणि घराला प्रोबेट सक्तीचं नाही. ती सक्ती मुंबईसारख्या शहरांची होती. जमिनीसाठी तुम्ही मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करू शकता. नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झालं, असं नाही. उद्या पुतण्यांची मुलं मोठी झाली, जमिनीला भाव आला, रस्ता शेजारून गेला, की आज गप्प असलेली माणसं बोलायला लागतात. तेव्हा साक्षीदार हयात असतील का? म्हणून माझं मत असं आहे की साक्षीदार म्हातारे असतील आणि मालमत्ता बरी असेल, तर सगळे राजी असतानाच कोर्टाचं काम उरकून घ्यावं. राजीखुशीतलं काम स्वस्तात होतं.

अर्ज करायचा जिल्हा न्यायालयात. विरोध नसलेली प्रकरणं काही ठिकाणी वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांकडेही चालतात. प्रोबेट मागायचा हक्क एक्झिक्युटरचा, म्हणजे इथे गुरुजींचा. मृत्युपत्रात असं कुणाचं नावच नसेल तर ज्याला मालमत्ता मिळायची तो अर्ज करतो. त्या कागदाचं नाव वेगळं आहे, त्याला प्रशासनपत्र म्हणतात, पण सिद्ध करायची रीत तीच. मृत्यूनंतर पुरते सात दिवस झाल्याशिवाय प्रोबेट देत नाहीत, आणि दिवसकार्यं होईपर्यंत आपण तरी कुठे जातो! मात्र वर्षानुवर्षं ट्रंकेत ठेवूनही देऊ नका.

अर्जासोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची किमतीसह यादी, जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्ते. मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहतं, म्हणून आधी त्याच्या चांगल्या झेरॉक्स काढून ठेवा. साक्षीदार मिळण्यासारखा असेल तर अर्जावर त्याचीही सही लागते, की मी हजर होतो आणि हे माझ्यासमोर झालं. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर ठरते. ती किती होईल ते वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा, लाजू नका.

मग कोर्ट नोटिसा काढतं. नातेवाइकांना जातात, कोर्टाच्या आवारात लावतात, बहुतेक वेळा वर्तमानपत्रातही छापायला सांगतात. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं यावं. कुणीच आलं नाही, की प्रकरण बिनविरोध झालं.

इथेच पुष्कळ जणींची चूक होते. त्यांना वाटतं, बिनविरोध म्हणजे आता नुसता शिक्का मारायचा. तसं नाही. मृत्युपत्र लिहिणारं माणूस काही परत येऊन सांगू शकत नाही. म्हणून ते काम न्यायाधीशांवर येतं. सर्वोच्च न्यायालयानं 1959 साली एका निकालात सांगितलं आहे की, मृत्युपत्राभोवती काही संशयास्पद असेल तर ते दूर करण्याची जबाबदारी कागद पुढे आणणाऱ्याची. समोर कुणी भांडायला नसलं तरी कोर्टाच्या मनाची खात्री पटली पाहिजे.

ही खात्री पटते साक्षीदारानं. कायद्यानं मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि कोर्टात त्यातला निदान एक तरी यावा लागतो. आपल्या गोष्टीतला दुकानदार समजा वारला. राहिले पोस्टमनकाका, तेही नाशिकला मुलाकडे, गुडघे धरलेले. एकटे आले तरी चालतं. अगदीच हलता येत नसेल तर कोर्ट कमिशनर नेमून घरी जबाब घेता येतो, तसा अर्ज वकिलानं द्यायचा. काकांनी जे पाहिलं ते सांगायचं. मावशी शुद्धीत होती. तिला मजकूर वाचून दाखवला. तिनं माझ्यासमोर अंगठा उठवला. मग मी तिच्यासमोर सही केली. दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी हजर असलं पाहिजे असंही नाही, पण प्रत्येकानं मावशीला सही-अंगठा करताना पाहिलेलं हवं, किंवा हा अंगठा माझाच असं तिनं स्वतः त्याला सांगितलेलं हवं. काकांना पाठ करून पाठवू नका. पाठ केलेलं बोलणं न्यायाधीशांना लगेच कळतं.

दोन्ही साक्षीदार गेले असतील तर? तरीही वाट आहे. एका साक्षीदाराची सही त्याचीच होती, आणि करणाऱ्याची सही किंवा अंगठा त्याचाच होता, हे ओळखणाऱ्या माणसाकडून किंवा इतर पुराव्यानं दाखवावं लागतं. अवघड असतं. म्हणून मृत्युपत्र करताना साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा. आणि ज्याला मालमत्ता मिळणार त्यालाच साक्षीदार करू नका.

अजून एक गैरसमज. मृत्युपत्र रजिस्टर केलंय, मग साक्षीदार कशाला? रजिस्टर करणं सक्तीचं नाही, केलेलं बरं, पण केलं तरी साक्षीदार लागतोच. नोटरीचा शिक्का तर साक्षीदाराची जागा अजिबात घेत नाही.

आता जरा बाजू बदलून बघा. उद्या अशी नोटीस तुमच्या दारात येईल. वडील गेले, भावानं मृत्युपत्र पुढे आणलं, आणि बहीण म्हणून तुमचं नाव यादीत आहे. नोटीस म्हणजे तुमच्यावर आरोप नाही. पण ती न वाचता, भाऊ म्हणतो म्हणून ना-हरकतीवर सही करू नका. मृत्युपत्राची प्रत मागा. तारीख बघा. त्या तारखेला वडील दवाखान्यात होते का, बोलत होते का, साक्षीदार कोण, हे तुम्हालाच माहीत असणार. सगळं पटलं तर खुशाल सही द्या, भावाचं काम सोपं होईल. मात्र सहीसाठी आलेला कागद ना-हरकतीचाच आहे ना, की हक्कसोड आहे, ते कुणाकडून तरी वाचून घ्या. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि पटलं नाही तर कोर्टात हरकत नोंदवता येते. मग ते प्रकरण दाव्यासारखं चालतं.

हेही लक्षात ठेवा की प्रोबेट देताना कोर्ट फक्त मृत्युपत्र खरं की खोटं ते बघतं. त्यात लिहिलेली जमीन खरोखर लिहिणाऱ्याची होती का, हा प्रश्न तिथे सुटत नाही. वडिलांनी वडिलोपार्जित सगळीच जमीन एका मुलाला लिहून दिली असली, तरी ते आपल्या हिश्श्यापुरतंच देऊ शकतात. मुलीचा स्वतःचा हिस्सा त्यांच्या मृत्युपत्रानं जात नाही. त्यासाठी वेगळा दावा करता येतो.

काकांची साक्ष झाली, कोर्टाचं समाधान झालं, फी भरली, की मृत्युपत्राच्या प्रतीसह शिक्क्याचं प्रोबेट गुरुजींच्या हातात येतं. ते बँकेत दाखवायचं, तलाठ्याकडे द्यायचं, ग्रामपंचायतीत घराच्या नोंदीसाठी द्यायचं. गुरुजींचं काम मात्र तिथे संपत नाही. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यायचा असतो. हे बरेच जण विसरतात.

वकिलाच्या पैशाची काळजी वाटत असेल तर ऐका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. उत्पन्न किती, हे तिच्या बाबतीत बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरणाचं कार्यालय. साध्या कागदावर अर्ज द्यायचा. फोनवर विचारायचं असेल तर 15100 लावा. जाताना मृत्युपत्राची झेरॉक्स, मृत्यूचा दाखला, सातबारा आणि साक्षीदारांचे आजचे पत्ते एका पिशवीत घालून न्या.