विज्ञानकथेतील उद्याचा समाज
(ब्राह्मणपारा, रायपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



विज्ञानकथेविषयी एक प्रश्न वारंवार विचारला जातो : तिच्यात रंगविलेले भविष्य संभवनीय असते काय? उत्तर शोधताना वाचकाचे लक्ष सामान्यतः यंत्राकडे जाते. यान तेवढ्या वेगाने जाऊ शकेल काय, मंगळावर शेती होईल काय, यंत्रमानव विचार करील काय, अशा शंका तो उपस्थित करतो. या शंका रास्तच आहेत. परंतु त्या यंत्राभोवती लेखकाने जी माणसे उभी केलेली असतात, त्यांचे विवाह कसे जुळतात, त्यांची मजुरी कोण ठरवितो, वारसा कोणाकडे जातो, हे सारे संभवनीय आहे काय, असे मात्र क्वचितच विचारले जाते. वस्तुतः भविष्याची खरी कसोटी येथेच लागते.

यंत्राची संभवनीयता निसर्गनियमांवर अवलंबून असते आणि ती गणिताने तपासता येते. समाजाला असे नियम नाहीत. तथापि समाज हवा तसा वळविता येतो, असेही नाही. रूढी, मालमत्ता आणि नातेसंबंध यांना स्वतःचा भार असतो. नवे साधन हाती आले म्हणजे समाज नवा होतोच असे नाही. पुष्कळदा तो जुन्याच इच्छा नव्या साधनाने पुऱ्या करून घेतो.

याचे एक जुने उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची चंद्रप्रवासाची कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली आणि १९०० सालापासून ती 'केरळ कोकिळ' मासिकातून 'चंद्रलोकाची सफर' या नावाने मराठीत अवतरली. या कादंबरीतील प्रवासी तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात. तोफेची नळी नऊशे फूट लांब आणि गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर. एवढ्या अंतरात एवढा वेग घ्यायचा तर प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब येईल. एकही प्रवासी क्षणभरसुद्धा जगणार नाही. यंत्राच्या कसोटीवर ही कादंबरी सपशेल नापास होते.

आता तिच्यातील समाज पाहावा. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यामुळे बाल्टिमोरच्या तोफखाना मंडळातील सभासद निरुद्योगी झाले आहेत. मारण्याचे कौशल्य अंगी आहे, पण मारण्यास कोणी उरले नाही. म्हणून ते चंद्राला लक्ष्य करतात आणि जगभरातून वर्गणी गोळा करतात. पुढे प्रत्यक्षात काय घडले? दुसऱ्या महायुद्धात लंडनवर डागलेल्या जर्मन अग्निबाणाचे प्रमुख शिल्पकार वेर्नर फॉन ब्राउन हेच पुढे अमेरिकेच्या चंद्रयानाला वाहून नेणाऱ्या अग्निबाणाचे शिल्पकार झाले, आणि १९६९ च्या जुलै महिन्यात ते यान व्हर्नने निवडलेल्या फ्लोरिडातूनच निघाले. व्हर्नची तोफ खोटी ठरली. परंतु युद्धाची विद्या आकाशाची वाट शोधते, हे त्याचे निरीक्षण खरे ठरले.

रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाची १९५३ मधील 'स्टारमन जोन्स' ही कादंबरीही या दृष्टीने उद्बोधक आहे. तिच्यातील जहाज ताऱ्यांमध्ये संचार करते, परंतु गणकयंत्राला आकडे पुरविण्यासाठी नाविकांना छापील कोष्टकांची जाड पुस्तके उलगडावी लागतात. ही कोष्टके आज हास्यास्पद वाटतात. त्याच कादंबरीत धंदे बंदिस्त संघांच्या हाती आहेत आणि त्यांत प्रवेश मुख्यतः वारशाने मिळतो. भारतीय वाचकाला या कल्पनेचे हसू येणार नाही. व्यवसाय जन्मावरून ठरणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नाही.

मराठीत हा प्रश्न अत्यंत गंभीर रूपाने पुढे आला तो डॉ. जयंत नारळीकर यांच्या लेखनातून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, आणि १९७९ मध्ये 'यक्षांची देणगी' हा त्यांचा संग्रह आला. त्या संग्रहात 'पुत्रवती भव' नावाची कथा आहे. हवा तेव्हा मुलगाच होईल असा उपाय विज्ञानाने हाती दिला, तर या देशाचे काय होईल, हा तिचा विषय. शीर्षक म्हणजे घराघरांत सुनेला दिला जाणारा आशीर्वाद. तो शब्दशः फळला तर शाप ठरेल, हे लेखकाने ओळखले.

प्रत्यक्षात साधन वेगळ्या वाटेने आले. कारखान्यातील धातूंत दडलेली चीर शोधण्यासाठी वापरले जाणारे ध्वनिलहरींचे यंत्र ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी रुग्णांवर वापरले आणि १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगनिदान हा त्यामागील हेतू. हेच सोनोग्राफी यंत्र भारतात पोहोचले तेव्हा त्याच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मागण्यात आले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. बीड जिल्ह्यात तर ती २०११ मध्ये ८०७ पर्यंत घसरली. कथेतील उपाय आणि क्लिनिकमधील यंत्र यांत साम्य नाही. इच्छा मात्र तीच. ती इच्छा लेखकाने अचूक ओळखली, म्हणून ती कथा संभवनीय ठरली.

यावरून यंत्रच समाजाला अशा वळणावर नेते, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा होईल, कारण छत्तीसगडचे आकडे निराळे आहेत. येथे हेच प्रमाण १९९१ मध्ये ९८४, २००१ मध्ये ९७५ आणि २०११ मध्ये ९६९ होते. यंत्र तेच, कायदा तोच, काळही तोच. येथे दवाखाने कमी होते, हे एक कारण निश्चित आहे. परंतु ते पुरेसे नाही, कारण बीड हा काही सुबत्तेचा जिल्हा नव्हे. तो दुष्काळाचा आणि ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मजुरांचा जिल्हा आहे. छत्तीसगडच्या लोकसंख्येत जवळजवळ एक-तृतीयांश आदिवासी आहेत. त्यांच्यापैकी अनेक समाजांत वधूपित्याने नव्हे, तर वरपक्षाने मूल्य देण्याची चाल होती. धानाची रोवणी स्त्रियांच्या हातांवर चालते. जेथे मुलगी म्हणजे केवळ खर्च असे मानले जात नाही, तेथे यंत्राला तो प्रश्न विचारण्याची निकडही कमी असते. मात्र येथील आकडाही उतरतोच आहे, हे विसरून चालणार नाही.

यंत्राची निवड समाज करू शकतो, याचेही उदाहरण या प्रदेशात घडले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली राजहरा येथील खाणींतून येई आणि हजारो स्त्री-पुरुष मजूर ते हातांनी फोडून ट्रकांत भरीत. खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण करण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील, १९७७ मध्ये स्थापन झालेल्या मजूर संघटनेने अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला : जड आणि धोक्याची कामे यंत्राने करावीत, परंतु मजुरांची भाकरी जाऊ नये. पूर्ण यांत्रिकीकरण त्यामुळे काही वर्षे लांबणीवर पडले. याच संघटनेने १९८३ मध्ये मजुरांसाठी रुग्णालय उभारले. नियोगी यांची १९९१ मध्ये हत्या झाली. यंत्र आले की मजूर एक तर नाहीसे होतात किंवा यंत्र फोडतात, एवढ्या दोनच वाटा विज्ञानकथांना बहुधा दिसतात. यंत्राशी वाटाघाट करणारा आणि त्याच वेळी दवाखाना बांधणारा मजूर त्यांच्या कल्पनेत सहसा येत नाही.

भविष्यचित्रणातील आणखी एक उणीव ब्राह्मणपाऱ्याच्या नावावरूनच समजून घेता येईल. छत्तीसगडीत 'पारा' म्हणजे वस्ती. वस्तीला जातीचे नाव पडले तो समाज गेला. रायपूरने भोसल्यांचे राज्य पाहिले, १८५४ नंतर इंग्रजी अंमल पाहिला, आणि २००० साली ते नव्या राज्याची राजधानी झाले. नाव मात्र टिकले. घरात मराठी, बाजारात छत्तीसगडी आणि कचेरीत हिंदी बोलणारी कुटुंबे या शहरात आहेत. याउलट विज्ञानकथेतील शहरे बहुधा एका दिवसात बांधल्यासारखी दिसतात : एक भाषा, एक पोशाख, एकाच वयाची यंत्रे. खऱ्या शहरात नवे यंत्र जुन्या ओट्यावर येऊन बसते.

तेव्हा भविष्याची कथा वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली : या यंत्राचा खर्च कोण करतो आणि लाभ कोणाला होतो? दुसरी : कोणती जुनी इच्छा ते अधिक सुलभ करते? तिसरी : बदलाचे वेग लेखकाने निरनिराळे मानले आहेत काय? यंत्र दहा वर्षांत बदलते. कायदा त्यामागून येतो. आणि हुंड्यासारखी रूढी कायद्यालाही दाद देत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, हे येथे आठवावे.

बेगम रुकैया यांनी 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा १९०५ साली लिहिली. तिच्यात सूर्याची उष्णता साठवून स्त्रिया शत्रूला परतवून लावतात आणि पडद्यामागे राहण्याची पाळी पुरुषांवर येते. त्या उष्णतायंत्राची रचना लेखिकेने सविस्तर सांगितलेली नाही. घरात कोणाला कोंडावे हे निसर्ग ठरवीत नाही, माणसे ठरवितात, एवढेच तिला दाखवावयाचे होते.

भविष्य अटळ आहे असे मानणारा वाचक निवड करण्याचे सोडून देतो. दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली, हा आकडा कोणत्याही यंत्राने ठरविलेला नाही. तो असंख्य घरांत, माणसांनी घेतलेल्या निर्णयांची बेरीज आहे; आणि ज्या घरांत हे निर्णय झाले, त्यांपैकी पुष्कळ घरांत 'पुत्रवती भव' हा आशीर्वाद आजही दिला जातो.